एक प्रस्थ सातू
(श्रीमद्भगवद्गीता, अध्याय सोळावा : अभ्यासपाठ)

चार दिवस आपल्या मूळ गावी राहून परतलेल्या गृहस्थास गावाची खुशाली विचारावी, तर तो बहुधा एकच उत्तर देतो : गावात आता राम उरला नाही. बांधाच्या वितीसाठी भावाभावांत खटले चालू आहेत, दिवेलागणीला दारूच्या गुत्त्यापाशी गर्दी असते, निवडणुकीत मताला भाव फुटतो, स्वस्त धान्याची पोती रात्रीतून भलत्याच दाराशी जातात आणि देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वर्गणीचाही हिशेब कोणी मागत नाही. हे सारे खोटे आहे असे म्हणण्याचे धाडस मला होणार नाही. मी अशाच एका गावचा आहे. शंका आहे ती एवढीच की, चार दिवसांत पाहुण्याच्या दृष्टीस जे पडते तेवढेच गावात असते काय? भांडण दूरवर ऐकू येते, चोरीची वार्ता एका दिवसात चार गावे फिरते. ज्याने हाती आलेली लबाडी निमूटपणे परत केली, त्याची वार्ता मात्र कोणी कोणास सांगत नाही. पुष्कळदा ती सांगावी असे त्या माणसासही वाटत नाही. अशा अबोल चांगुलपणाला भगवंतांनी कोठे व कोणते स्थान दिले आहे, ते आज आपण पाहू.

सोळाव्या अध्यायाच्या पहिल्या तीन श्लोकांत दैवी संपत्तीचे सव्वीस गुण सांगितले आहेत. आरंभी 'अभय' आणि अखेरीस 'नातिमानिता', म्हणजे स्वतःस फार मोठे न मानणे. पाठ म्हणताना आपले लक्ष अहिंसा, सत्य, तप अशा भारदस्त शब्दांवर थांबते, आणि त्यांच्या मध्ये उभे असलेले काही लहानसे शब्द जिभेवरून नुसते सरकून जातात : आर्जव, अपैशुन, ह्री, अचापल. आर्जव म्हणजे आत एक आणि बाहेर एक नसणे. अपैशुन म्हणजे चहाडी न करणे. एकाची उणीव दुसऱ्यापाशी जाऊन उघडी करणे यास आचार्यांनी पैशुन म्हटले आहे. ह्री म्हणजे लाज. हा शब्द मराठीत आणताना माझी लेखणी नेहमी अडते, कारण आपल्याकडे लाज दोन प्रकारची आहे, जनाची आणि मनाची. आणि आपण 'लाजेने मान खाली घातली' असे लिहिले की वाचकास पहिलीच आठवते. गीतेची ह्री ही दुसरी आहे. कोणी पाहत नसताना जी हात मागे घेते ती.

हे चारही गुण असे आहेत की, त्यांना पैसा लागत नाही, विद्या लागत नाही, अधिकार लागत नाही. त्याच यादीत 'दान' मात्र आहे. आता दानाला तर द्रव्य हवे. मग ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटत नाही त्याने दैवी संपत्तीचा हा भाग कोठून आणावा?

येथे थोडे व्याकरण पाहणे उपयोगी पडेल. वाचकांनी कंटाळू नये. पहिल्या श्लोकात 'दानम्' असा शब्द आहे. ते नाम आहे. कोणी दिले, किती दिले, केव्हा दिले, काही सांगितलेले नाही. त्यास कर्ता नाही. आता पुढे पंधराव्या श्लोकावर या. तेथे आसुरी मनुष्याचे मनोराज्य चालले आहे. आज एवढे मिळविले, उद्या तेवढे मिळवीन. एक शत्रू संपविला, उरलेलेही संपवीन. मी धनवान, मी कुलवंत, माझ्या तोडीचा दुसरा आहे कोण? आणि या सर्वांच्या शेवटी तो म्हणतो की मी यज्ञ करीन, मी देईन, मी चैन करीन. तेथे शब्द आहे 'दास्यामि' : भविष्यकाळ, उत्तमपुरुष, एकवचन. म्हणजे दान दोन्ही याद्यांत आहे. यज्ञही दोन्ही याद्यांत आहे. आसुरी मनुष्य कृपण असतो असे भगवंत म्हणत नाहीत. तो देतो, किंबहुना पुष्कळ देतो. फरक असा की, दैवी यादीतील दानाला 'मी' नाही, आणि आसुरी यादीतील दान 'मी'वाचून बोलताच येत नाही. सतराव्या श्लोकात अशा मनुष्याच्या यज्ञाला 'नामयज्ञ' म्हटले आहे. नावापुरता यज्ञ, हा त्याचा सरळ अर्थ. समास सोडविताना 'नावासाठी केलेला यज्ञ' असाही अर्थ निघू शकतो. आणि धर्मशाळेच्या पायरीपासून पंख्याच्या पात्यापर्यंत दात्यांची नावे वाचत गेलेल्या माणसास हा दुसरा अर्थही पटावयास कठीण नाही.

या दोन याद्यांचे भाष्य म्हणून महाभारतातच एक कथा आहे. आश्वमेधिक पर्वातील नकुलाख्यान ते. ऐकलेले पुष्कळांनी असेल. परंतु ते सांगताना बहुधा मुंगूस तेवढे सांगितले जाते आणि घर सुटते.

युद्ध संपले आहे. खजिना रिकामा झालेल्या युधिष्ठिराने मरुत्त राजाच्या जुन्या यज्ञात मागे राहिलेले सोने हिमालयातून आणून अश्वमेध केला. दक्षिणा वाटून झाल्या, राजाच्या मस्तकावर पुष्पवृष्टी झाली, चहूकडे वाहवा चालली. तेवढ्यात बिळातून एक निळ्या डोळ्यांचे, एका अंगाने सोन्याचे मुंगूस बाहेर आले आणि पशुपक्षी दचकतील अशा मोठ्या आवाजात मनुष्यवाणीने म्हणाले की, कुरुक्षेत्रात राहणाऱ्या एका उंछवृत्ती ब्राह्मणाच्या प्रस्थभर सातूच्या पिठाशी या यज्ञाची बरोबरी होत नाही. प्रस्थ हे धान्याचे एक जुने माप. चार कुडवांचे एक प्रस्थ.

हे कुरुक्षेत्र म्हणजे गीतेच्या पहिल्याच चरणातील धर्मक्षेत्र. ज्या मातीवर अठरा अक्षौहिणी सेना राज्यासाठी पडल्या, त्याच मातीवर त्यापूर्वी केव्हातरी हा ब्राह्मण शेतात पडलेले दाणे टिपून राहत होता. उंछ म्हणजे कापणी झाल्यावर पडून राहिलेला एकेक दाणा वेचणे, आणि शिल म्हणजे राहिलेली कणसे वेचणे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात या उपजीविकेला 'ऋत' असे नाव आहे. याचनेवाचून आणि कोणास न दुखविता मिळालेले ते अन्न. पारवे टिपतात तसे टिपणे म्हणून कथेत तिला कापोती वृत्ती म्हटले आहे. आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर, हे कुटुंब सरव्यावर जगत होते.

घरात चौघे : तो, त्याची पत्नी, मुलगा आणि सून. दिवसाच्या जेवणाच्या दोन वेळा धरल्या तर ही माणसे सहाव्या वेळेला जेवीत, म्हणजे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्या वेळी काही मिळाले नाही तर पुढच्या सहाव्या वेळेपर्यंत थांबावयाचे. अशात अवर्षण पडले. पीकच नाही तर सरवा कोठला? ज्येष्ठाच्या भर उन्हात चौघे वेचावयास गेले, भूक आणि श्रम यांनी थकले, आणि रिकाम्या हातांनी परतले. पुढच्या वेळेला कसेबसे प्रस्थभर जव मिळाले. त्याचे पीठ केले, जप, आह्निक, होम आटोपला, कुडव कुडव वाटून घेतले, आणि आता तोंडात घालणार तो दाराशी अतिथी.

ब्राह्मणाने आपला वाटा दिला. अतिथी तृप्त झाला नाही. पत्नी म्हणाली, माझा द्या. येथे कथाकार घाई करीत नाही आणि आपणही करू नये. त्या वृद्धेच्या अंगावर हाडे आणि कातडी तेवढी उरली होती, ती भुकेने थरथरत होती. नवरा म्हणतो, किडे आणि पाखरेसुद्धा आपल्या मादीला पोसतात, मी तुझ्या तोंडचा घास कसा घेऊ? ती म्हणते, आपला धर्म आणि अर्थ एकच नाही काय? मग मुलगा पुढे होतो. त्याला बाप म्हणतो, तू हजार वर्षांचा झालास तरी मला बाळच; तरुणाची भूक मोठी असते, मी म्हातारा, मला भूक तितकी सोसवते. शेवटी सून. वाऱ्याने आणि उन्हाने रापलेली, उपवासांनी खंगलेली ती मुलगी आपला कुडव पुढे करते, तेव्हा सासऱ्याच्याने तो घेववत नाही. तिची समजूत त्याला नव्हे, तर त्याची समजूत तिला घालावी लागते.

वाचकहो, या चौघांत 'दास्यामि' म्हणणारा कोणी नाही. प्रत्येक जण स्वतःचा वाटा देण्याची घाई करतो आणि दुसऱ्याचा वाटा घेताना अडखळतो. दान हे येथे पराक्रम म्हणून येतच नाही. एका घरातील माणसांचे एकमेकांविषयीचे बोलणे म्हणून ते येते. तिसऱ्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकात, केवळ स्वतःसाठी शिजविणारा पाप खातो असे सांगितले आहे. या घरी शिजविणेही नव्हते, पीठ कालविणे होते, तरी ते केवळ स्वतःसाठी नव्हते.

अतिथी म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता. त्याने जे सांगितले त्यात एक गणित आहे : सहस्र असलेल्याने शंभर द्यावे, शंभर असलेल्याने दहा द्यावे, काहीच नसलेल्याने शक्तीप्रमाणे पाणी द्यावे, फळ सर्वांचे सारखे. रंतिदेवाने शुद्ध मनाने केवळ पाणी दिले आणि तो स्वर्गास गेला. नृगाने सहस्रावधी गाई दिल्या, पण त्यांत एक गाय दुसऱ्याची गेली आणि तो पतन पावला. मग चौघे विमानाने गेले. बिळातील मुंगूस सातूच्या वासाने बाहेर आले, सांडलेल्या पाण्याने आणि कणांनी त्याचे मस्तक आणि अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे सोन्याचे व्हावे म्हणून ते तेव्हापासून यज्ञायज्ञांतून हिंडत होते. युधिष्ठिराच्या यज्ञातही ते झाले नाही.

मला या कथेत नेहमी एक गोष्ट जाणवते. राजाचे सोनेही मागे पडलेले, वेचून आणलेले होते. एका अर्थी राजानेही सरवाच वेचला. तेव्हा द्रव्य स्वकष्टाचे की दुसऱ्याचे उरलेले, हा भेद येथे नाही. आणि दुसरी गोष्ट : व्यासांनी या ब्राह्मणाचे नाव दिलेले नाही. पत्नीचे नाही, मुलाचे नाही, सुनेचे नाही. अश्वमेध करणाऱ्याच्या नावाने पर्वेच्या पर्वे भरली आहेत, आणि ज्याच्याशी त्या अश्वमेधाची तुलना होऊन तो उणा ठरला, तो 'कुणी एक'.

सरवा ही गोष्ट आपल्या ग्रामीण जीवनात पुराणापुरती नव्हती. कापणीनंतर शेत भूमिहीनांच्या बायकामुलांस मोकळे असे, आणि शेवटची कणसे खरवडून नेणाऱ्या धन्यास लोक हलका म्हणत. आजचे कुरुक्षेत्र हरियाणात आहे. गहू आणि भात तेथे विपुल पिकतात. तेथील कापणी पुष्कळशी यंत्राने होऊ लागली, आणि भाताचे धसकट शेतातच पेटवून देण्याची चाल पडली. धान्य वाढले ही चांगलीच गोष्ट झाली. पण जो दाणा कोणाचाच नसल्यामुळे गरिबाचा होता, त्याची जागा कशाने घेतली, हा विचार करण्यासारखा आहे.

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लक्ष माणसे खपत होती. पाझर तलाव, रस्ते, खडी. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला त्याचे मूळ या कामांत आहे. माझे आजोबा तेव्हा बीड जिल्ह्यात अशाच एका कामावर हजेरी कारकून होते. मी पाठशाळेत सोळावा अध्याय पाठ करून घरी आलो, त्या वर्षी त्यांनी हे मला सांगितले. त्यापूर्वी घरात कोणास सांगितले नव्हते.

मस्टरवर काही खोटी नावे असत. मुकादम सांगे, आजोबा लिहीत. त्यांचाही त्यात वाटा होता, हे त्यांनी लपविले नाही. एका विधवेच्या नवऱ्याचे नाव असेच चालू ठेवलेले होते. दोन लहान मुले घेऊन ती बांधावर माती वाहत असे. नवऱ्याच्या नावचा पगार निघाला की त्यातला तिसरा हिस्सा मुकादम तिला देई, बाकीचा वर जाई. मुकादमाच्या मते हा त्याचा उपकार होता, आणि खरे सांगावयाचे तर आजोबांनाही तसेच वाटे. बिचारीच्या पोरांच्या पोटात चार दाणे जातात, सरकारचे काय जाते?

दुसऱ्या वाटपाच्या दिवशी अंधार पडल्यावर ती आमच्या ओट्याशी आली. पदराची गाठ सोडून तिने पैसे पायरीवर ठेवले. म्हणाली, "भाऊसाहेब, हे मालकाच्या नावाचे हायेत. मालक तर पोळ्यालाच गेले. तेवढं नाव काढा." आजोबांनी तिला समजावले की हे राहू दे, कोणास कळत नाही. ती म्हणाली, "मागचे खर्चले. ते फेडीन." आणि गेली. मुकादमाविषयी ती एक शब्द बोलली नाही, आजोबांना दोष दिला नाही, नंतर कोणाजवळ बोलल्याचेही कानी आले नाही. आजोबांनी ते नाव कापले, मग बाकीचीही लिहिण्याचे सोडले. महिन्याभरात त्यांची त्या कामावरून उचलबांगडी झाली. आपण घेतलेले त्यांनी परत केले नाही. कोणाकडे करावयाचे तेच कळेना, असे ते म्हणाले, आणि थोडे थांबून म्हणाले की, हे खरे कारण नव्हे.

येथे कोणी आक्षेप घेईल, आणि तो घेण्यासारखा आहे. ही बाई गप्प राहिली म्हणून तर मुकादमाचे फावले! अन्याय पाहून मुकाट राहणे यास अपैशुन म्हणावयाचे काय? मला वाटते, नाही. पैशुन हे पाठीमागे असते आणि त्यात सांगणाऱ्याचा काही तरी रस असतो. समोरासमोर, सर्वांच्या देखत, सर्वांच्या हितासाठी सांगितलेले सत्य पैशुन होत नाही. राजस्थानात १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराणा येथे पहिली जनसुनावणी भरविली. ज्यांच्या नावे मजुरी निघाली त्या गावकऱ्यांच्याच समोर सरकारी कागद मोठ्याने वाचले गेले, आणि कागद व काम यांचा मेळ ज्याचा त्याने सांगितला. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यामागे या सुनावण्यांचे बळ होते. दैवी गुणांच्या यादीत पहिले पद अभयाला आहे ते उगाच नव्हे. तेथे त्या माणसांनी अभय दाखविले. पण त्या बाईपाशी १९७३ साली तसे गाव नव्हते, तशी सुनावणी नव्हती. तिच्या हातात तिसरा हिस्सा होता. तेवढ्यापुरता जो धर्म तिला करता येत होता तो तिने केला, आणि तिच्या मुलांनी त्या रात्री काय खाल्ले असेल हे ध्यानात घेतल्यावाचून आपण त्यावर मत देऊ नये. दुसऱ्या अध्यायाच्या चाळिसाव्या श्लोकात या धर्माचे अल्प आचरणही मोठ्या भयातून तारते असे आश्वासन आहे. 'अल्प' हा शब्द आपण ऐकतो, पण अल्प म्हणजे किती असू शकते याचा अंदाज सुखवस्तू माणसास सहसा नसतो.

ज्ञानेश्वरमाउलींनी तेराव्या अध्यायात 'अदंभित्व' या पदाचे विवरण करताना शेतकऱ्याचा दृष्टान्त योजला आहे. पेरलेले बी तो मातीने झाकतो, तसे ज्ञानी आपले दानपुण्य झाकतो. हा दृष्टान्त मी पाठशाळेत नम्रतेचा म्हणून शिकलो. आजोबांची गोष्ट ऐकल्यावर त्यातील शेतकऱ्याचे काम मला निराळे दिसू लागले. तो बी झाकतो ते संकोचाने नव्हे. उघडे ठेवले तर पाखरे टिपून नेतील आणि उगवणार नाही, म्हणून. त्या बाईने आपले पैसे दिवसा, वाटपाच्या रांगेत, मुकादमाच्या देखत परत केले असते तर तिचे नाव झाले असते, आणि आजोबांनी बहुधा दुसऱ्या दिवशी पुन्हा खोटी नावे लिहिली असती. लाज जनाची झाली असती. ती अंधारात आली म्हणून लाज मनाची झाली. हे माझे अनुमान आहे. तिने असा काही विचार केला असेल असे मी म्हणत नाही.

१९७३ चा पावसाळा चांगला गेला. सुगीनंतर ती पुन्हा एकदा ओट्याशी आली, आणि पदरातील भुईमुगाच्या शेंगा तिने सुपात ओतल्या. दुसऱ्याच्या शेतातला सरवा होता तो. मागच्या पैशांपैकी एवढे फिटले, म्हणाली. आजी शेंगा घ्यावयास तयार नव्हती. आजोबा म्हणाले, घे. त्या शेंगा आमच्या घरी कोणी खाल्ल्या की नाही हे मी विचारले नाही. नाव मात्र विचारले. आजोबांना ते चांगले आठवत होते. वर्षभर रोज मस्टरवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. ते म्हणाले, "तिनं कुणाला सांगितलं नाही. मी कशाला सांगू?"